विठाबायचा धवला आणि चंदरचे कंडेन्सर

बदलापूर गावात कुणाचं लग्न ठरलं की आधी विठाबायला सांगावं लागे, भटजीला नंतर. चाळीस वर्षं ती गावची धवलारीण होती. हळदीच्या मांडवात बसायचं, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात गावदेवीला, पितरांना, वेशीवरच्या साऱ्या देवांना लग्नाला बोलवायचं, नवरीला चार शब्द सांगायचे आणि जाता जाता नवऱ्याकडच्या मंडळींची थोडी हजेरी घ्यायची, हे तिचं काम. पण वय बाहत्तर झालं, आवाज उतरला आणि डीजेचे बॉक्स मात्र दर वर्षी एकेक थर चढत गेले. मागच्या हंगामात एका हळदीत ती सलग दीड तास गायली. शेवटी नवरीची आई जवळ येऊन अदबीने म्हणाली, "आत्या, मंडळी खोळंबलीत. सुरू कधी करताय?"

त्या दिवशी घरी आल्यावर विठाबाय धाकट्या भावाला, चंदरला म्हणाली, "आता बस झाला रं. मानसांना माजा तोंड हाललेला दिसतो, आवाज कोनाला येत नाय. तुज्या स्वप्नालीचा लगीन झाला का मी धवला बंद करनार."

चंदर भोईर जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"बाय," तो म्हणाला, "स्वप्नालीच्या हळदीला तुझा आवाज नाक्यापर्यंत गेला नाही, तर मी एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो हे कुणाला सांगणार नाही."

ही शपथ साधी नव्हती, कारण चंदर ही गोष्ट रोज कुणाला ना कुणाला सांगत असे. अंबरनाथच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका कंपनीत तो इलेक्ट्रिशियन होता. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. मोटर नुसती हूं करून थांबली, की चंदर यायचा, कंडेन्सर बदलायचा, मोटर पळायची. पंखा मंद झाला, कंडेन्सर. पाण्याचा पंप उचलत नाही, कंडेन्सर. एकतीस वर्षांत त्याचं ठाम मत झालं होतं, की विजेच्या कुठल्याही कामात बिघाड एकच असतो, कंडेन्सर लहान पडतो.

गावातला डीजे प्रीतम आपला माइक द्यायला तयार होता. पण त्याने एको लावल्याशिवाय माइक कधी वापरलाच नव्हता. विठाबायने एकदा त्याच्यात गाऊन पाहिलं आणि खाली ठेवला. "मना माजाच आवाज तीनदा आयकू येतो. मी काय डोंगरात हरवलंय?" तेव्हा चंदरने ठरवलं, माइकचा प्रीअँप आपणच बनवायचा. स्वच्छ, एको-बिको काही नाही. गणपतीच्या मंडळाचा जुना अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घरी पडूनच होते. फक्त माइकचा बारीक आवाज अँप्लिफायरला पेलेल इतका मोठा करणारा डबा हवा होता.

त्याचं सर्किट स्वप्नालीनेच काढून दिलं. ती अंबरनाथला वजनकाट्यांचे बोर्ड बनवणाऱ्या कंपनीत रिपेअर सेक्शनला होती. पाच वर्षांत तिच्या हाताखालून हजारो बोर्ड गेले होते. तिने वहीच्या पानावर आठ पायांची आयसी, म्हणजे आवाज मोठा करणारी चिप, काढली, तिच्या चौथ्या आणि आठव्या पायाला लागून दोन बारीक कॅपॅसिटर काढले आणि त्यांच्याभोवती लाल पेनाने गोल केला.

"बाबा, हे दोन विसरू नको. आयसीच्या अगदी अंगाला चिकटून पाहिजेत."

"कंडेन्सर ना? ते तू मला सांगू नको," चंदर म्हणाला.

स्वप्नाली कॅपॅसिटर म्हणायची, चंदर कंडेन्सर म्हणायचा. वस्तू एकच होती, पण दोघांच्या मनात तिचा आकार फार वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी चंदर उल्हासनगरच्या कॅम्प एकला गेला. तिथे भूपेश नावाच्या सिंधी तरुणाचं पार्टचं दुकान आहे. चंदरने ट्रान्सफॉर्मर घेतला, आयसी घेतली आणि मग म्हणाला, "कंडेन्सर दिखाओ. बडावाला."

भूपेशने एक हजार मायक्रोफॅरडचा दाखवला. चंदरने मान हलवली. चार हजार सातशेचा दाखवला. चंदरने पुन्हा मान हलवली. शेवटी भूपेश स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून दहा हजार मायक्रोफॅरडचे दोन उतरवले. प्रत्येक कटिंग चहाच्या ग्लासाएवढा. चंदरचा चेहरा उजळला.

"काका, माइक का सर्किट है ना?" भूपेशने विचारलं. "एक आयसी है. लोकल चलानी है क्या इससे?"

"जितना बडा उतना अच्छा."

"वो ठीक है, गुनगुन नहीं करेगा स्पीकर. पण काका, हे पण घ्या." भूपेशला गिऱ्हाइकावर माया आली की तो मराठीवर येई. त्याने कागदाच्या पट्टीतून दोन पिवळट ठिपके कापून काउंटरवर ठेवले. "एकशे चार नंबर. आयसीच्या पायाजवळ लावायचे."

चंदरने चष्मा कपाळावर सरकवून ते ठिपके पाहिले. "हे कंडेन्सर? ही मसुराची डाळ आहे."

"काम करतो काका."

"राहू दे," चंदर म्हणाला आणि ते दोन ग्लास पोटाशी धरून निघाला.

पुढचे आठ दिवस त्याने मन लावून काम केलं. बोर्ड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला. दहा हजारचे दोघे त्या डब्यात मावेनात, म्हणून त्यांना दुसरा डबा केला. दोन डब्यांच्या मधे लाल, काळी आणि हिरवी अशा तीन वायरी, हातभर लांब, सुरेख पीळ घातलेल्या. वहीतलं लाल गोल केलेलं त्याला दिसलं होतं. पण एवढे मोठे कंडेन्सर असताना मसुराच्या डाळीची गरज काय, असा त्याने विचार केला. रोज संध्याकाळी तो डबा मांडीवर घेई, आत हात घालून काहीतरी चाचपत राही आणि माइकमध्ये "हॅलो, हॅलो, वन टू थ्री" म्हणे. आवाज इतका स्वच्छ येई, की शेजारची कुत्री उठून बसत. स्वप्नाली लग्नाच्या खरेदीत होती. तिला डबा उघडून बघायला सवड झाली नाही.

हळदीच्या दिवशी दुपारी चारला मांडव भरला. प्रीतमचा डीजे अंबरनाथची दुसरी हळद उरकून सातला येणार होता. तोपर्यंत मांडव विठाबायचा. चंदरने पहिल्यांदाच डब्याला झाकण लावलं, चार स्क्रू आवळले, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि बहिणीला म्हणाला, "हां बाय, होऊ दे."

विठाबायने डोळे मिटले आणि गावदेवीला हाक घातली.

स्पीकरमधून जे बाहेर आलं ते ऐकून पुढच्या रांगेतल्या बाया मागे सरकल्या. कुणीतरी कढईत पापड तळत असावं आणि कढईखाली भला मोठा भुंगा अडकला असावा, तसा आवाज. विठाबाय थांबली, भुंगाही थांबला. ती पुन्हा गायली, भुंगा पुन्हा आला.

"ह्या कोन बोलतं माज्यासंग?" तिने विचारलं.

चंदर डब्याकडे धावला. त्याने स्क्रू काढले, झाकण उचललं, वायरी दाबून पाहिल्या. आयसीला हात लावला तर ती भाजत होती. घाबरून त्याने, रोज संध्याकाळी चाचपायचा तसं, बोर्डाच्या बाजूवर, आयसीजवळ बोट टेकवलं आणि तेवढ्यात विठाबायचा आवाज लख्ख झाला. अगदी दवाने धुतल्यासारखा. मांडवात कुणीतरी "वा!" म्हणालं. चंदरने बोट उचललं. पापड. बोट टेकवलं. गावदेवी.

पंधरा व्होल्टवर चालणारा तो बोर्ड, बोटाला मुंगीसुद्धा चावत नव्हती. त्यामुळे चंदरने जास्त विचार केला नाही. खुर्ची ओढली, डबा मांडीवर घेतला, उजव्या हाताची तर्जनी आत घातली आणि मंडळींकडे पाहून हसला.

वीस मिनिटं सगळं उत्तम चाललं. मग आतून त्याची बायको वेणू आली.

"अवो, चला. पोरीला पहिली हळद आईबापाची."

"तू लाव. मी आलोच."

"आलोच म्हणजे? एकटी लावू? लोक काय बोलतील?"

"वेणू, मी उठलो तर बायचा आवाज जाईल."

वेणूने नवऱ्याच्या बोटाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या संसारात तिने बरंच पाहिलं होतं. "मग दुसऱ्या कुणाचं तरी बोट घाला," ती म्हणाली.

सूचना चांगली होती. चंदरने त्याच्या जुन्या कंपनीतल्या दोस्ताला, भगवानला बोलावलं. भगवान आता भेंडीची शेती करायचा. त्याने मोठ्या हौसेने बोट घातलं. पापड तसेच तळत राहिले. त्याने दुसरं बोट घातलं, मग अंगठा. काही नाही. विळा धरून धरून भगवानच्या बोटांना इतके घट्टे पडले होते, की बोर्डाला तिथे माणूस आहे हे कळेना.

"थुंकी लावून बघ," चंदर म्हणाला.

भगवानने लावली. अर्धे पापड कमी झाले. पण धवल्यात देवांची नावं चालली होती आणि चंदरला अर्धेही पापड नको होते. त्याने पुन्हा स्वतःचं बोट घातलं. वेणू पाय आपटत आत गेली आणि तिने स्वप्नालीला बाहेर पाटावर आणून बसवलं.

तेवढ्यात बेलवलीहून नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. पुढे नवऱ्याचा मामा. नाथामामा म्हणजे पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन आणि कुठेही गेला तरी पुढच्या खुर्चीवर हक्क. भगवानची खटपट त्याने येता येताच पाहिली होती. हळदीची वाटी स्वप्नालीपुढे टेकवून तो सरळ चंदरकडे आला.

"काय प्रॉब्लेम हाय, व्याही?"

चंदरने सांगितलं. नाथामामाने बाही वर सारली आणि हळदीने भरलेलं ओलं बोट थेट डब्यात घातलं.

आवाज असा निघाला, की विठाबायनेसुद्धा एक डोळा उघडून पाहिलं. चंदरच्या बोटाने जे होत होतं त्याहून दुप्पट स्वच्छ. नाथामामाने मांडवावर नजर फिरवली. "आपल्या बोटात करंट हाय," तो म्हणाला. "तुम्ही जावा व्याही, पोरीला हळद लावा. मी बसतो."

व्याह्यांच्या माणसाला कामाला बसवायचं म्हणजे पंचाईत. चंदर नको नको म्हणाला. पण नाथामामाने बोट काढायला साफ नकार दिला. आयुष्यात बरीच मोठी कामं त्याच्या हातून हुकली होती, एकदा तर सरपंचपद तीन मतांनी गेलं होतं. हे काम मात्र त्याच्याशिवाय कुणाला जमत नव्हतं. ते सगळ्या मांडवाने पाहिलं होतं. भगवानने त्याला डाव्या हाताला चहा दिला. भजी आली तेव्हा त्याने तोंड पुढे केलं आणि भगवानला ती भरवावी लागली.

अडचण एवढीच होती, की नाथामामाला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नसे. कुणी हालहवाल विचारला की उजवा हात डब्यातून बाहेर येई आणि विठाबायच्या तोंडचा खंडोबा पापडांत बुडून जाई. मग "अरे मामा, बोट! बोट!" असा मांडवभर गलका. हे चार वेळा झालं. पाचव्यांदा नवऱ्याची मावशी ताडकन उठली.

"आमचा मामा पाहुणा म्हणून आलाय का मशीन म्हणून? पंधरा मिनिटं बघतेय, त्याला हात धुवायला पण सोडत नाय तुमी!"

"मला कुठं जायचंय?" नाथामामा म्हणाला.

"तू गप बस!"

वेणूचा चेहरा उतरला. बेलवलीच्या चार बाया पर्सा सावरून कुजबुजू लागल्या. मांडवातलं हसू एकदम आटलं. तेव्हा पाटावर बसलेल्या नवरीने, तोंडभर हळद, दोन्ही हात मेंदीने रंगलेले आणि वर हळदीने माखलेले, मान वळवून विचारलं, "बाबा, मामांचा हात डब्यात का आहे?"

चंदर तिच्या गालाला हळद लावायला वाकला होता. त्याने बोट पुन्हा वाटीत बुडवलं.

"बाबा, ते लाल गोल केलेले दोन कॅपॅसिटर लावलेस ना?"

"दहा हजारचे दोन लावलेत," चंदर हळूच म्हणाला.

"कुठे?"

"त्या दुसऱ्या डब्यात."

स्वप्नालीने हातभर लांब पीळ घातलेल्या वायरी पाहिल्या आणि डोळे मिटून घेतले. कंपनीतही एखादा बोर्ड पाहून ती असेच डोळे मिटायची.

"बाबा, आयसी वेडी झालीय. कानाला ऐकू येत नाही इतक्या वेगात ती एकटीच नाचतेय, म्हणून तापते, म्हणून हा आवाज. बोट ठेवलं की थोडी शांत होते."

"पण एवढा मोठा कंडेन्सर..."

"गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे आपली. म्हणून मोरीत तांब्या ठेवायचा नाही का? आयसीला लागतं घोटभर, पण तेव्हाच्या तेव्हा लागतं. हातभर वायरीतून तुझ्या टाकीचं येईपर्यंत तिचा तोल गेलेला असतो. टाकी राहू दे, टाकीने स्पीकरची गुणगुण जाते. पण तांब्या तिच्या हाताशी पाहिजे."

चंदरने एकतीस वर्षं कारखान्यातल्या मोटरी चालवल्या होत्या. मोटर घोटभर मागत नाही, ती हंडाभर मागते आणि वाट बघते. दुसरं कुणी काही वेगळ्या रीतीने मागत असेल, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. तो पाटाशेजारी खाली बसला.

"एकशे चार नंबर," तो म्हणाला. "भूपेश देत होता."

"आहेत तुझ्याकडे?"

"नाहीत."

"पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये असतो तो," स्वप्नाली म्हणाली. "तपकिरी, चिकूच्या बीएवढा. दोन खोल्यांतले दोन रेग्युलेटर काढ. मी करते."

"तू काय करतेस!" वेणू किंचाळली. "हळदीच्या पाटावरून उठायचं नाही. आणि विस्तवाला हात? वेड लागलंय का?"

शेवटी असं ठरलं, की नवरी उठणार नाही, डबाच पाटाजवळ येईल. चंदरने मेन बंद करून दोन मिनिटांत दोन्ही रेग्युलेटर भिंतीतून काढले आणि पंख्यांच्या वायरी तात्पुरत्या सरळ जोडून टाकल्या. मेन चालू होताच ते दोन्ही पंखे बसवल्यापासून फिरले नव्हते इतक्या वेगाने फिरले. आतल्या खोलीतल्या अक्षता, पानसुपारी आणि कागदी प्लेटा उडाल्या आणि तिथे बसलेल्या बाया पदर धरून बाहेर मांडवात आल्या. त्यामुळे पुढचं काम सगळ्या गावाने पाहिलं.

पाटावर हळद ल्यालेली नवरी आणि समोर मांडी घालून तिचा बाप, हातात तापलेली सोल्डरिंग गन. नाथामामाला बोट काढायची विनंती झाली. त्याने ती मान्य केली, पण डब्यापासून उठला नाही.

"ई, हळद!" स्वप्नाली म्हणाली. "आधी बोर्ड पूस, बाबा. स्पिरिटने."

पुसला.

"आता कॅपॅसिटरचे पाय काप."

चंदरने अर्धा इंच ठेवून कापले.

"आखूड."

"मग धरू कुठं?"

"चिमट्याने धर. अजून आखूड. पाय लांब ठेवलेस तर पुन्हा वायरच झाली ना? हां. आता चौथ्या पायाला एक, दुसरं टोक ग्राउंडला. तिथे नाही, जवळ. अजून जवळ. बाबा, तू टेकवायला घाबरतोस का?"

"भाजली तर?"

"तीन सेकंदांत उचल. मी मोजते."

तिने मोजले. चंदरने डाग दिला, उचलला. चकचकीत, गोल. पोरीने मान तिरकी करून पाहिला आणि "छान," म्हणाली. एकतीस वर्षांत सुपरवायझरने त्याला कधी छान म्हटलं नव्हतं. चंदरला एकदम वाटलं, उद्या ही बेलवलीला जाणार. पूल ओलांडला की बेलवली, रिक्षाने पंधरा मिनिटं. पण डबा उघडून कुणाला दाखवायचं म्हटलं, तर घरात कुणी नसणार. त्याने गन खाली ठेवली.

"आठवा राहिलाय," स्वप्नाली म्हणाली. "लाव."

त्याने लावला.

या वेळी झाकण घातलं, चारही स्क्रू आवळले. नाथामामा सवयीने बोट घालायला गेला आणि ते पत्र्यावर टक् करून आपटलं. विठाबायने चहाचा शेवटचा घोट घेतला, माइक धरला आणि अगदी हळू, स्वतःशी गुणगुणल्यासारखी सुरुवात केली.

तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. भुंगा नाही, पापड नाहीत, एको नाही. नाक्यावरच्या पानवाल्याने मान वर केली, असं नंतर भगवानने सांगितलं. विठाबाय एक कडवं गायली आणि थांबली.

"ह्यो माजा आवाज?" तिने चंदरला विचारलं.

"तुझाच, बाय."

"बरा हाय की अजून," ती म्हणाली आणि मांडी सावरून बसली.

पण विठाबायला एका गोष्टीचा विसर पडला होता. नवऱ्याकडच्यांची हजेरी घेणारी कडवी ती मांडवातलं पाहून तिथल्या तिथे रचायची. डीजे आल्यापासून ती कुणाला ऐकूच गेली नव्हती, त्यामुळे त्यांना धार चढत गेली होती. आता शब्द न् शब्द कळत होता.

"आला बेलवलीचा मामा, बसला मांडवाच्या दारी," ती गायली, "बोट घाली डब्यामंदी, पुसं खीर कुठं सारी?"

नवऱ्याच्या मावशीने पदर तोंडाला लावला. नाथामामा लाल झाला. चंदरने वायर उपटायला हात पुढे केला. मग मावशीच्या पदराआडून खिंकाळल्यासारखं हसू फुटलं आणि बेलवलीच्या सगळ्या बाया एकमेकींच्या अंगावर पडू लागल्या.

नाथामामाने चोहीकडे पाहिलं. सगळा मांडव त्याच्याकडेच बघत होता. याचं त्याला वाईट वाटलं नाही.

"आत्या, परत एकदा," तो म्हणाला. "आणि नावासकट घ्या. नाथा म्हणा."

विठाबायने नावासकट घेतलं. मग मावशीला घेतलं, तिच्या पर्ससकट. मग प्रत्यक्ष नवऱ्याला. मावशीने तिथेच विठाबायला आपल्या धाकट्या पोरीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, आणि विठाबायने धवला बंद करायचं ठरवलं होतं ही गोष्ट तिला कुणी सांगितली नाही. विठाबायनेही काढली नाही.

सातला प्रीतमचा टेम्पो आला. त्याने बॉक्स उतरवायला घेतले, तशी मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "थांब जरा. आमचं अजून चाललंय." प्रीतम एका बॉक्सवर बसला आणि ऐकू लागला. साडेसातला त्याच्यावरही एक कडवं झालं.

चंदर पाटाजवळ गेला. पोरीच्या एका गालाला त्याची हळद लागायची राहिली होती. त्याने वाटीत बोट बुडवलं आणि तिच्या गालावरून ओढलं. आयसीने भाजलेल्या बोटाला हळद थंड लागली.

"एकशे चार नंबर ना?" त्याने विचारलं.

"हां बाबा."

"आणि दहा हजारचे राहू देत?"

"राहू देत," स्वप्नाली म्हणाली.

वेणूने नवऱ्याच्या हातातून वाटी घेतली, कारण मागे गावातल्या बाया रांगेत उभ्या होत्या.